मोडीच्या वर्गातल्या दोन सरनोबत

मी वर्गाच्या दारात पाऊल ठेवले आणि तिसऱ्या बाकावरची माझी सून पदर सावरत उठून उभी राहिली. तिला उठलेली पाहून तिच्या शेजारची मुलगी उठली, मग पुढचा बाक उठला, मग मागचे दोन. आणि मी छत्री कोपऱ्यात टेकवेपर्यंत इतिहासाचा अख्खा वर्ग माझ्याकडे तोंड करून ताठ उभा होता.

"बसा," मी म्हटले.

सगळे बसले. मला त्यात वावगे काही वाटले नाही. घरात, शेतावर, देवळाच्या पंचांच्या बैठकीत मी आले की माणसे उठत आणि मी सांगितले की बसत. मी पहिल्या बाकावर जाऊन बसले, पिशवीतून वही काढली आणि चष्म्याच्या काचा पुसू लागले.

मागून एक मुलगा अदबीने म्हणाला, "मॅडम, खुर्ची तिकडं हाय. फळ्याजवळ."

"दिसते आहे मला. ती शिक्षकांची आहे."

"मग तुम्ही?"

"मी विद्यार्थिनी आहे. समोर बघ."

मागच्या बाकांवर कुणी तरी हसू दाबले. एवढ्यात काखेत फाइल धरलेला एक सडसडीत तरुण आत आला. कोणी हलले नाही. त्याच मुलाने बाकावर सरकून त्याला हाक दिली, "ये, बस इथं. अजून सर आले न्हाईत."

तरुण सरळ खुर्चीकडे गेला. "आलेत," तो म्हणाला. "मी दाभोळे."

माझ्या मुलापेक्षा तो फार तर वर्षा-दोन वर्षांनी मोठा असावा. पण शिकवणाऱ्याचे वय बघायचे नसते, असे माझ्या वडिलांनी मला शिकवले होते. डॉ. दाभोळे यांच्यासाठी त्या दिवशी सर्वांत आधी उठून उभी राहिले ती मी.

ही एकोणीसशे शहात्तर सालची गोष्ट. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते. यजमान जाऊन चार वर्षे झाली होती आणि घराचा, शेतीचा सगळा कारभार माझ्या शब्दावर चालत होता. माझी सून कुमुदिनी लग्न होऊन आमच्याकडे आली त्याला तीन वर्षे झाली होती. एप्रिलमध्ये गच्चीवर पापड वाळत घालताना तिने खाली मान घालून विषय काढला.

"आईसाहेब, मला एम.ए. करायचं आहे. कोल्हापूरला, विद्यापीठात."

"आणि राहणार कुठं?"

"रोज एस.टी.नं जाईन आणि संध्याकाळी परत येईन."

"एकटी?"

मी उरलेले पापड घालून होईपर्यंत विचार केला.

"सरनोबतांची सून रोज एकटी अठरा मैल जाणार आणि अठरा मैल येणार, हे व्हायचं नाही. मी बरोबर येईन."

रात्री जेवताना माझा मुलगा विश्वासराव म्हणाला, "आई, वर्गात असं कुणालाही बसता येत नाही. तिथं नाव घालावं लागतं."

"मग घालू."

मी माडीवरच्या ट्रंकेतून माझे बी.ए.चे प्रमाणपत्र काढले. एकोणीसशे एकोणपन्नास सालचे. विद्यापीठाच्या कारकुनाने ते उलटेसुलटे करून पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि मुकाट्याने अर्ज पुढे सरकवला. गावात ज्यांनी ज्यांनी विचारले त्यांना मी एकच उत्तर दिले : सुनेला सोबत म्हणून जाते.

त्या पहिल्या सोमवारी दाभोळ्यांनी आम्हांला एक गोष्ट सांगितली. दप्तरखान्यात मोडी कागदांचे शेकडो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली बाडे, वर्षानुवर्षे कोणी न सोडता पडून आहेत. यंदा सहा विद्यार्थ्यांना ती उघडून वाचायची परवानगी मिळाली आहे. "हा आठवडाभर मी रोज एक मोडी कागद वर्गात आणणार. ज्याला लागेल त्यानं इथं येऊन मोठ्यानं वाचायचा. शनिवारी सहा नावं लावीन. नंतर कुणी रडत आलं तर ऐकणार नाही."

मी सहज मागे वळून पाहिले. कुमुदचा चेहरा उजळला होता. असा चेहरा मी त्याआधी एकदाच पाहिला होता. माझे वडील दप्तरदार होते. मोडी मी त्यांच्या मांडीवर बसून शिकले. कुमुद घरात आली त्या वर्षी एका दुपारी मी आमच्या घरचा एक जुना कागद तिच्यापुढे धरला आणि नुसते विचारले, "काय दिसतं?" ती म्हणाली, "एकही अक्षर कळत नाही, पण लिहिणाऱ्याला घाई होती एवढं दिसतं." तेव्हापासून दुपारची वामकुक्षी मी सोडली. दोन वर्षांत मी तिला सगळे शिकवले. जुन्या कागदांवर सन अरबी आकड्यांत लिहीत; ते आकडे तर तिने स्वयंपाकघरात वाटाणे सोलताना माझ्यामागून म्हणत पाठ केले. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस. एकेका दाण्याला एकेक.

सोमवारी परतताना एस.टी.त ती आपणहून म्हणाली, "आईसाहेब, ते रुमाल उघडायला मिळाले तर ही दोन वर्षं सार्थकी लागतील. नाहीतर पुस्तकं काय, घरीही वाचता येतात."

तीन वर्षांत तिने माझ्यापाशी स्वतःसाठी मागितलेली ही दुसरी गोष्ट. मी म्हटले, "मिळतील." मला त्यात तिळमात्र शंका नव्हती.

मंगळवारी पहिला कागद आला. तो हातोहात फिरला. कुमुदच्या शेजारी बसणारी रजिया मुजावर मिरजेची होती, तोंडाची फटकळ आणि मनाची निर्मळ. ती बेधडक पुढे गेली, दोन ओळी वाचल्या, तिसरीत अडकली, तरी रेटून नेले. दाभोळ्यांनी तिचे नाव टिपून घेतले. माझ्या हाती कागद आला तेव्हा तो मला एका नजरेत लागला. मी तो पुढे दिला. मागे वळून पाहिले तर कुमुदचे ओठ हलत होते. ती शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचली होती. आमची नजरानजर झाली आणि तिने मान खाली घातली.

"आणखी कोणी?" दाभोळ्यांनी विचारले.

कोणी नाही.

बुधवारी तेच झाले. आणखी दोन मुलांची नावे लागली. त्यांतला एक, पहिल्या दिवशी मला खुर्ची दाखवणारा, इतका चुकत वाचत होता की मला बसवेना. तरीही आम्ही दोघी गप्प. संध्याकाळी एस.टी. गावाबाहेर पडल्यावर मी विचारले.

"कुमुद, आजचा कागद तुला लागत होता."

"हो."

"कालचाही."

"हो, आईसाहेब."

"मग वाचला का नाहीस?"

"आपण बसला होतात."

"मी बसले होते म्हणून काय झालं?"

"आपल्याआधी कशी वाचू? वडीलधाऱ्यांनी तोंड उघडल्याशिवाय धाकट्यांनी बोलायचं नाही, असं आपणच सांगितलंत मला. लग्न होऊन आले त्या पहिल्याच आठवड्यात." मग तिने हळूच विचारले, "आपण का नाही वाचलात?"

"मी तुझ्या सोबतीला येते. नंबर लावायला येत नाही."

खरे कारण मी तिला सांगितले नाही. सत्तावीस वर्षांनी चार लोकांपुढे कागद घेऊन उभी राहिले आणि एखाद्या ओळीला अडखळले, तर ते माझ्या सुनेने पाहिले असते. सरनोबतांच्या घरात मी आजवर कशालाही अडखळले नव्हते.

"उद्या वाच," मी म्हटले. "माझी आज्ञा आहे."

"जी."

गुरुवारी ती उठली. पुढे गेली, दाभोळ्यांच्या हातातून कागद घेतला, वर्गाकडे तोंड करून उभी राहिली. पहिल्या बाकावर, तिच्यापासून दोन हातांवर, मी बसले होते. तिने तोंड उघडले. आवाज फुटला नाही. पुन्हा प्रयत्न केला. कागद टेबलावर ठेवून ती जागेवर जाऊन बसली.

दाभोळे बोलायचे म्हणून बोलले, वाईट हेतू नव्हता त्यांचा. "दोन्ही सरनोबतांना मोडीचं वावडं दिसतंय. असू द्या."

वावडे! मी वहीवर पेन इतके दाबले की पान फाटले. पण मला खरे लागले ते निराळेच. मी आज्ञा दिली होती, तिने ती मनापासून पाळायची ठरवली होती, आणि तरीही ती पाळली गेली नव्हती. असे माझ्या बाबतीत पूर्वी कधी झाले नव्हते.

तास सुटल्यावर नळावर पाणी पिताना रजिया माझ्याजवळ आली. कुमुद तिच्या मागे तिची ओढणी ओढत होती.

"मावशी, रागवणार नसाल तर एक सांगू?"

"रागवायचं की नाही ते ऐकून ठरवीन."

"काल तुम्ही फी भरायला ऑफिसात गेला होता का न्हाई, तेवढ्यात हिनं मला अख्खा कागद वाचून दाखवला. अडखळणं न्हाई, काही न्हाई. तुम्ही दारात दिसला आणि झालं, हिचा रेडिओ बंद."

"रजिया!" कुमुद म्हणाली.

"का गं? खोटं बोलले काय मी?"

"मग मी काय करावं म्हणतेस?" मी विचारले.

"बाहेर बसा की ओ, मावशी. झाडाखाली. गार वारं हाय."

मी तिच्याकडे नुसते पाहिले. त्या माझ्या बघण्याने आमच्याकडचे गडी गोठ्यात जाऊन लपत. रजिया ओंजळीने पाणी प्यायली, तोंड पुसले आणि म्हणाली, "रागावला. जाऊ दे, उद्या उतरेल."

शुक्रवारी राग उतरला नव्हता. मी कुमुदशी बोलले नाही. मात्र वर्गात माझे दुसरेच काही चालले होते, ते इथे कबूल करते. त्या पाच दिवसांत मी चाळीस पाने भरली होती. दाभोळे शिकवू लागले की मला घराची, गोठ्याची, उसाच्या पाण्याची आठवण होत नसे. पहाटे मी कोंबड्याआधी उठून तयार होई आणि एस.टी.च्या थांब्यावर कुमुदच्या पुढे दहा पावले चालत असे. सोबतीला जाणारे माणूस असे चालत नाही.

शुक्रवारी तास संपताना दाभोळे म्हणाले, "पाच नावं झाली. एक जागा उरली."

त्या रात्री मी ठरवले. सरनोबतांच्या नावाला लागलेले ते वावडे मी स्वतः पुसून काढणार. मी थोरली. आधी मी वाचणार. अडखळले तर अडखळले.

शनिवारी दाभोळ्यांनी शेवटचा कागद टेबलावर ठेवला आणि म्हटले, "कोण?"

मी उठले. वर्गात कुजबूज झाली. मी कागद हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला. सुंदर वळण होते. कुणा बाईसाहेबांनी आपल्या कारभाऱ्याला विहिरीच्या बांधकामाबद्दल धाडलेले पत्र. वरपासून खालपर्यंत सगळे मला लागले. एका ठिकाणीही नजर अडली नाही. ऊर भरून आला. सत्तावीस वर्षांत काही गेले नव्हते.

मी वाचायला मान वर केली आणि कुमुद दिसली. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या तोंडावर मत्सर नव्हता, निराशा नव्हती. मी आता वाचणार म्हणून ती कौतुकाने हसत होती. एकच जागा उरली आहे हे तिला माझ्याइतकेच माहीत होते.

मी कागद टेबलावर ठेवला.

"सर, मला क्षमा करावी. मला बाहेर जायला हवं."

"बरं वाटत नाही का तुम्हांला?"

"मला कधीही बरं वाटत नाही असं होत नाही," मी म्हटले आणि छत्री उचलून वर्गाबाहेर पडले.

खिडकीखाली दगडी जोते होते. त्यावर मी बसले. पावसाची भुरभुर होती म्हणून छत्री उघडली. आत बराच वेळ काही ऐकू येईना. मग बाक सरकल्याचा आवाज आला. पावले वाजली. आणि माझ्या सुनेचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

पहिल्यांदाच म्हणते, कारण घरात मला ऐकू येई तो "जी" आणि "हो, आईसाहेब" एवढाच आवाज होता. हा आवाज भरदार होता. तो कागदावरून असा चालला जसा कोणी स्वतःच्या अंगणातून चालावे. "विहिरीचे काम पावसाळ्यापूर्वी शेवटास नेणे. येविशी उजूर न करणे." कसलीही सबब ऐकून न घेणाऱ्या त्या बाईसाहेबांचा दरारा तिने इतका हुबेहूब उचलला होता की मी जोत्यावर ताठ बसले. तो दरारा तिने कुठून घेतला हे मला लगेच उमगले आणि हसू आले.

मग ती सनापाशी आली.

"सन..." ती म्हणाली. आणि थांबली.

मी वाट पाहिली.

"सन..." पुन्हा तेच. आत खोकल्याचा आवाज. कोणी तरी बाक वाजवला. दाभोळे म्हणाले, "राहिलं तर राहू द्या, तेवढं मी—"

"खमस सबैन मया व अलफ!" मी खिडकीखालून ओरडले.

आत असा हशा उसळला की व्हरांड्यातला शिपाई धावत आला. खिडकीतून दाभोळ्यांचे डोके बाहेर आले. त्यांनी खाली माझ्या छत्रीकडे पाहिले.

"सरनोबतबाई, कागद तर आत आहे."

"मघाशी हातात होता माझ्या."

"किती वेळ?"

"पुरेसा."

त्यांनी डोके आत घेतले. थोड्या वेळाने पुन्हा बाहेर काढले. "आत या, भिजाल. सहावं नाव लावलंय. नुसतं 'सरनोबत' लिहिलंय. दप्तरखान्यात किती सरनोबत आत येतात ते मी काही दारात उभा राहून मोजणार नाही."

संध्याकाळी एस.टी.त आम्ही दोघी शेजारी बसलो. तिकिटे पिशवीत ठेवत मी म्हटले, "खमस तुला येत होतं."

"हो."

"सबैनसुद्धा."

"वाटाणे सोलताना पाठ केलंय, आईसाहेब. कसं विसरेन?"

"मग थांबलीस का?"

"खिडकीत आपल्या छत्रीचं टोक दिसत होतं." ती हसली. "आपल्याला राहवणार नाही, हे मला ठाऊक होतं."

बाहेर उसाची शेते मागे पळत होती. मी त्यांच्याकडे बघत राहिले. कुमुदने मांडीवरच्या पिशवीचे बंद उगाच सोडले, पुन्हा बांधले.

"आणखी एक सांगायचंय. गेल्या दिवाळीला आपण मला माडीवरची ट्रंक आवरायला सांगितली होतीत. बी.ए.च्या प्रमाणपत्राखाली एक अर्ज होता. पुण्याला एम.ए.साठी करायचा. पूर्ण भरलेला. खाली आपली सहीसुद्धा होती. फक्त धाडलेला नव्हता."

तो अर्ज मी भरला त्याच आठवड्यात माझे लग्न ठरले होते. तो आजवर कुणी पाहिला नव्हता. यजमानांनीही नाही.

"म्हणून तू एप्रिलमध्ये..."

"मला शिकायचं होतंच, आईसाहेब. तेही खरं आहे. पण मला आपण एकटीला सोडणार नाही, हेही नक्की होतं."

सहा दिवस मी तिला सोबत करत होते, अशी माझी समजूत होती.

"लबाड आहेस," मी म्हटले. आवाज नेहमीसारखा निघाला नाही.

"जी."

गाव आले. उतरताना मी तिला सांगितले, "सोमवारपासून वर्गात माझ्यासाठी उठायचं नाही."

"जमेल की नाही, सांगता येत नाही."

सोमवारी मी वर्गाच्या दारात पाऊल ठेवले. कुमुदने वर पाहिले. तिचे अंग सवयीने उचलले गेले, पदराकडे हात गेला. मग तिने दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट पकडली आणि लाल तोंडाने ती बसून राहिली. रजियाने तिच्या पाठीवर थाप मारली. मी छत्री कोपऱ्यात टेकवली. पहिला बाक मागे टाकून मी तिसऱ्या बाकापाशी गेले.

"सरक," मी म्हटले.

ती सरकली.